नवी पिकअप दारात येताना

दसरा-दिवाळीच्या दिवसांत अमरावतीच्या अथवा अकोल्याच्या बाजारपेठेतून जाताना एक दृश्य हमखास दिसते. अडत दुकानासमोर कोरी करकरीत पिकअप उभी असते. दर्शनी भागावर कुंकवाचे स्वस्तिक, आरशांना झेंडूचे हार, पुढच्या चाकांखाली लिंबू. घरातील सून औक्षण करते, पेढे वाटले जातात आणि किल्ली थोरल्यांच्या हातून धाकट्यांच्या हाती जाते. व्यापारी कुटुंबाच्या जीवनात हा प्रसंग लहान नाही. कालपर्यंत भाड्याच्या गाडीची वाट पाहणारी पेढी आजपासून स्वतःच्या चाकांवर उभी राहते.

तथापि या आनंदात एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. गाडी भाड्याची असते तेव्हा तिची चिंता गाडीवाल्याच्या माथी असते. गाडी आपल्या नावावर झाली की तिच्या हौद्यात किती माल भरला, तिच्यामागे काय जोडले, तिच्या केबिनमध्ये बसलेला माणूस किती तास जागा आहे, या प्रत्येक गोष्टीचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. म्हणून या वेळच्या सदरात नव्या पिकअपचा ताबा घेताना व्यापारी गृहस्थाने कोणकोणता विचार करावा, याची जरा विस्ताराने चर्चा करू.

बंडीपासून पिकअपपर्यंत

वऱ्हाडचा व्यापार हा मुळातच वाहतुकीचा व्यापार आहे. कापूस पिकतो शिवारात, विकला जातो बाजार समितीत, त्याची गाठ बांधली जाते जिनिंग-प्रेसिंगमध्ये आणि कापड विणले जाते आणखी कुठेतरी. एके काळी हा सारा कापूस बैलबंडीने येत असे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, तेव्हा अकोला, मूर्तिजापूर आणि बडनेरा ही स्थानके कापसाच्या नकाशावर ठळक झाली. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना ‘शकुंतला’ची अरुंद रुळांची गाडी धावू लागली, तीही प्रामुख्याने कापसासाठीच.

रेल्वे मालाला स्थानकापर्यंत नेई, परंतु स्थानक ते दुकान आणि दुकान ते गाव हे अंतर बंडीचेच राहिले. स्वातंत्र्यानंतर तिची जागा हळूहळू टेम्पोने घेतली. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो मूळचा एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव आहे, याचे आपल्याला भानही राहिलेले नाही. पुण्याजवळच्या आकुर्डीत बजाज टेम्पो कंपनीने त्या तीनचाकी गाड्या बनवल्या आणि गाडीचे नाव सामान्यनाम झाले. त्याच कंपनीच्या ‘मेटाडोर’चेही तेच झाले. आजही आपल्याकडे कोणत्याही मध्यम मालगाडीला मेटाडोर म्हणणारी पिढी हयात आहे. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ आली आणि लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. त्याच्या वरच्या पायरीवर बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त अशा दीड-दोन टन क्षमतेच्या गाड्या आल्या. आज डाळ मिलचा माल, सरकी-ढेप, वरूड-मोर्शीकडची संत्री, किराणा, हार्डवेअर यांची जवळच्या अंतरावरील वाहतूक बहुतांशी याच गाड्यांवर चालते.

अमेरिकेत या प्रकारच्या गाडीचा इतिहास आणखी जुना आहे. फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये एक टन माल वाहणारी ‘मॉडेल टीटी’ काढली आणि १९२५ मध्ये कारखान्यातूनच हौदा बसवून मिळणारी ‘मॉडेल टी’ पिकअप विक्रीस आणली. त्या देशात मात्र पिकअपचे मुख्य काम पुढे निराळे झाले. हौद्यात माल भरण्यापेक्षा मागे ट्रेलर जोडून घोडे, बोट, शेतीची यंत्रे किंवा फिरते घर ओढून नेणे, यासाठी तेथे ‘हेवी ड्यूटी’ पिकअप घेतली जाते. आपल्या नातलगांपैकी कोणी तिकडे स्थायिक असेल, तर त्याच्या दारातील गाडीचे छायाचित्र पाहून आपल्याकडील तरुणांनाही तशीच गाडी घेण्याचा मोह होतो. त्या मोहाकडे आपण पुढे वळूच. आधी आपल्या पिकअपच्या मूळ कामाकडे, म्हणजे भार वाहण्याकडे, पाहू.

दोन आकडे आणि त्यांची वजाबाकी

गाडी पाहताना आपण किंमत विचारतो, मायलेज विचारतो, कर्जाचा हप्ता विचारतो. नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेले दोन आकडे मात्र क्वचितच कोणी वाचतो. पहिला आकडा रिकाम्या गाडीच्या वजनाचा आणि दुसरा एकूण भारित वजनाचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरते, तेवढाच भार त्या गाडीवर टाकण्याचा आपल्याला अधिकार आहे.

उदाहरण घेऊ. समजा रिकामी गाडी १,७५० किलोची आहे आणि एकूण भारित वजन ३,४५० किलो आहे. वजाबाकी १,७०० किलो. विक्रेता सांगतो, ‘पावणेदोन टनाची गाडी आहे.’ परंतु या १,७०० किलोंत चालक येतो, सोबतचा हमाल येतो, ताडपत्री आणि दोर येतात. शिवाय पुष्कळजण ताबा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हौद्यावर लोखंडी जाळी वाढवून घेतात. दोन माणसांचे १४० किलो आणि जाळीचे १०० किलो धरले तर प्रत्यक्ष मालासाठी १,४६० किलो उरतात.

कापसाची एक गाठ १७० किलोची. कागदावर १,७०० किलो म्हणजे बरोबर दहा गाठी, प्रत्यक्षात मात्र आठ. नववी गाठ चढली की ७० किलो जास्त झाले. डाळीचे पन्नास किलोचे कट्टे असतील तर एकोणतीस.

यात आणखी एक चकवा आहे. डाळ जड असते. साधारण नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्यात तुरीच्या डाळीचा जेमतेम सव्वा फुटाचा थर झाला की गाडीची क्षमता संपते. हौदा मात्र अर्ध्याहून अधिक रिकामा दिसतो आणि रिकामा हौदा पाहून व्यापाऱ्याचा हात आवरत नाही. याउलट सुटा कापूस हलका असल्यामुळे वजन होण्याआधी तो उंच आणि रुंद फुगतो. तेथे वजनाचा नव्हे, बाहेर डोकावणाऱ्या मालाचा प्रश्न उभा राहतो. तात्पर्य, हौदा किती भरला हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, ते काट्यावरच ठरते. माल विकताना किलोच्या अंशासाठी काटा तपासणारे आपण, गाडी भरताना मात्र अंदाजावर विसंबतो, हे व्यापाऱ्याला शोभणारे नव्हे.

काहीजण म्हणतात, ‘मागे दोन पाटे जास्त टाकून घेतले की झाले.’ कमानीला पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही, हे खरे. परंतु त्यामुळे ब्रेक मोठे होत नाहीत, टायरची सहनशक्ती वाढत नाही, आसाचे पोलाद जाड होत नाही आणि नोंदणीवरील आकडाही बदलत नाही. गाडी वाकलेली दिसणे ही एक सूचना होती. पाटे वाढवून आपण फक्त ती सूचना बंद करतो.

जादा भाराचा जमाखर्च

आता हे व्यापाऱ्याच्या भाषेत मांडू. २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमानुसार मर्यादेपेक्षा अधिक भारासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आहेत. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देत नाहीत आणि तो उतरवण्याचा खर्चही आपलाच. हौद्याच्या बाजूंनी, पुढे-मागे अथवा उंचीने मर्यादेबाहेर जाणाऱ्या मालासाठीही २०,००० रुपयांचा दंड आहे.

अकोला ते अमरावती अंतर सुमारे शंभर किलोमीटर. जाऊन-येऊन दोनशे. लिटरला दहा किलोमीटर धरले तर एका फेरीला वीस लिटर डिझेल लागते. लिटरला नव्वद रुपयांचा भाव धरला तर खर्च १,८०० रुपये. दोन फेऱ्यांचा माल एकाच फेरीत कोंबला, तर चालकाची रोजी धरूनही वाचतात ते फार तर अडीच-तीन हजार. त्यासाठी आपण बावीस हजारांची जोखीम पत्करतो. त्यात झिजलेले टायर, तापलेले ब्रेक, लवकर बदलावी लागणारी क्लच प्लेट यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. जो सौदा दुकानाच्या गादीवर आपण एका क्षणात नाकारला असता, तोच सौदा हौद्यात रोज करतो.

शिवाय रस्ता बदलला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान, लोणी ते माना या टप्प्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम झाला, तो आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या सायंकाळी संपले. ज्या रस्त्यावर खड्डे चुकवण्यातच वेळ जाई, तेथे आता गाडी सहज ऐंशीचा वेग गाठते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. खराब रस्ता जादा भाराच्या गाडीला नाइलाजाने सावकाश ठेवत असे. चांगला रस्ता तशी मेहरबानी करत नाही. त्यात वऱ्हाडातला उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तापलेल्या डांबरावर, कमी हवेच्या आणि जास्त भाराच्या टायरचा काही भरवसा नसतो.

आपल्या परंपरेला ही गोष्ट नवी नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत बंध, वध, छेद आणि अन्नपाननिरोध यांच्या जोडीला ‘अतिभारारोपण’ स्पष्टपणे मोजले आहे. ज्या काळी व्यापार बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवर चालत असे, त्या काळी वाहणाऱ्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे हा हिंसेचाच एक प्रकार मानला गेला. पिकअपला जीव नाही, असे कोणी म्हणेल. परंतु तिच्या केबिनमध्ये बसलेल्याला आहे, समोरून दुचाकीवर येणाऱ्याला आहे आणि बोरगाव मंजूजवळ अंधारात रस्ता ओलांडणाऱ्या गुरालाही आहे. बैल जादा ओझ्याने थांबायचा, बसायचा, मालकाला ते दिसायचे. इंजिन कुरकुरत नाही, म्हणून मालकालाच अधिक जागे राहावे लागते.

टोचन आणि ट्रेलर

आता ओढण्याचा प्रश्न. आपल्याकडे बंद पडलेली गाडी दोराने किंवा लोखंडी दांड्याने दुसऱ्या गाडीमागे ओढून नेण्याला ‘टोचन’ म्हणतात. नवी दमदार पिकअप आली की ओळखीपाळखीचे लोक पहिल्या महिन्यातच टोचनासाठी हाक मारतात. शेजारधर्म म्हणून आपण जातोही. परंतु टोचनाचे नियम आहेत. बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यावी, तिच्या सुकाणूवर परवानाधारक माणूस बसलेला असावा, दोन गाड्यांमधील अंतर पाच मीटरपेक्षा अधिक नसावे, मागील गाडीवर ती ओढून नेली जात असल्याची ठळक पाटी असावी आणि वेग अगदी कमी असावा. दोराने ओढताना सर्वांत मोठा धोका झटक्याचा असतो. दोर सैल पडून एकदम ताणला गेला की तो तुटतो किंवा हूक उपटतो आणि ते सुटलेले टोक गोळीसारखे येते. हूक नेहमी कंपनीने दिलेल्या जागीच लावावा, बंपरला किंवा कमानीला कधीही नाही. आपल्याहून जड गाडी ओढण्याचा प्रसंग आल्यास नम्रपणे नकार देऊन क्रेनवाल्याला बोलवावे. तो नकार शेजारधर्माच्या विरुद्ध नाही.

ट्रेलरची गोष्ट निराळी. ट्रेलर हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे आणि त्याची नोंदणी स्वतंत्र करावी लागते. जनरेटर, पाण्याची टाकी किंवा फवारणी यंत्र चाकांवर चढवून पिकअपला जोडले की झाले, असे नाही. ज्या देशांत हे सर्रास चालते, तेथे गाडीच्या पुस्तिकेत ती किती वजन ओढू शकेल हे निराळे दिलेले असते, गाडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजनाची मर्यादा निराळी असते आणि जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावलेले असतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या हुकावर यावा, असा तेथील दंडक आहे. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागे डुलू लागतो. जास्त आला तर गाडीचे पुढचे चाक हलके होते आणि सुकाणू ऐकत नाही. हुकावर येणारा हा भारही गाडीच्या क्षमतेतूनच वजा होतो, म्हणजे भरलेल्या हौद्यामागे ट्रेलर जोडणे हा दुहेरी अपराध ठरतो.

म्हणून ज्यांना खरोखरच ओढण्याचे काम आहे, त्यांनी गाडी घेण्यापूर्वी कंपनीच्या पुस्तिकेत ओढण्याच्या क्षमतेचा आकडा लेखी दिला आहे का, ते पाहावे. दिलेला नसेल तर ती गाडी त्या कामाची नाही, असे समजावे. शिवारातील ओढण्याच्या कामाला आपल्याकडे ट्रॅक्टर आहे. तो त्यासाठीच घडवलेला आहे. पिकअपला ट्रॅक्टर बनवण्यात शहाणपण नाही. तसेच दुहेरी केबिनच्या ऐटदार पिकअप खासगी नोंदणीवर, पांढऱ्या पाटीवर मिळतात. त्या कुटुंबासाठी जरूर घ्याव्यात, पण त्यांतून धंद्याचा माल नियमित वाहणे नियमात बसत नाही. धंद्याच्या गाडीची पाटी पिवळीच हवी.

कर आणि कागद

व्यापारी वाचकांना या भागाची उत्सुकता असणार, म्हणून थोडक्यात पण नेमके सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. प्रवासी मोटारीवर भरलेल्या कराचा परतावा सामान्यतः मिळत नाही, मालवाहू गाडीवरील कर मात्र नोंदणीकृत व्यापाऱ्याला जमेस धरता येतो. येथे दोन अटी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या विक्रीत करमुक्त मालाचा वाटा असेल, तर त्या प्रमाणात ही जमा कमी होते. आणि कराची जी रक्कम जमेस धरली, तिच्यावर पुन्हा घसारा मागता येत नाही.

घसाऱ्याचा सर्वसाधारण दर १५ टक्के आहे. गाडी भाड्याने चालवण्याचाच धंदा असेल तर तो ३० टक्के होतो. परंतु आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता आणि धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला. दसऱ्याला वापरात आलेल्या दहा लाखांच्या गाडीवर दीड लाख, तर धनत्रयोदशीच्या गाडीवर पंच्याहत्तर हजार घसारा, एवढा फरक या सोळा दिवसांनी पडला. उरलेला घसारा बुडत नाही, पुढील वर्षांत मिळतो. म्हणून केवळ करासाठी घाई करू नये. परंतु मुहूर्त आणि हिशेब दोन्ही जुळत असतील तर ते जाणून तरी घ्यावे.

३,००० किलोपर्यंत एकूण भारित वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागते. नव्या मालगाडीला पहिली दोन वर्षे योग्यता प्रमाणपत्राची चिंता नसते. पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करावी लागते. चालकाच्या परवान्याबाबतचा जुना गोंधळ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिटवला. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोंपेक्षा कमी वजनाची मालगाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो.

विम्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. मालगाडीत मालाचा मालक अथवा त्याचा प्रतिनिधी बसला तर त्याला विम्याचे संरक्षण आहे. परंतु लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू किंवा शेतावर निघालेल्या बाया-माणसे हौद्यात बसवली, तर त्यांच्यासाठी विमा कंपनी जबाबदार राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. नात्यातल्या कोणी ‘एवढे पंधरा जण सोडून द्या’ म्हटले की नाही म्हणणे अवघड जाते. परंतु हौद्यात पंधरा माणसे बसवणे म्हणजे पंधरा घरांची जबाबदारी विनाविमा उचलणे होय. येथे कुटुंबप्रमुखाने कठोर व्हावे.

ताबा घेण्याचा दिवस

गर्दीच्या मुहूर्तावर शोरूममध्ये प्रत्येकाला घाई असते. म्हणून तपासणी आदल्या दिवशी, दिवसाउजेडी आणि शांतपणे करावी, पूजेच्या दिवशी केवळ पूजा करावी. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक बीजकाशी स्वतः ताडून पाहावे. गाडी कोणत्या महिन्यात बनली, ते विचारावे. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३५२५’ असेल तर तो टायर २०२५ च्या पस्तिसाव्या आठवड्यातील. पाचही टायर सारख्या काळातील आहेत ना, ते पाहावे. स्टेपनी, जॅक, पाना आणि धोक्याचा त्रिकोण मोजून घ्यावा. विक्री प्रमाणपत्र, रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचा दाखला, विमा आणि तात्पुरती अथवा कायम नोंदणी हातात आल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये, मग मुहूर्त टळला तरी चालेल. उच्च सुरक्षा पाटी, मागील परावर्तक पट्ट्या आणि फास्टॅग यांचीही खात्री करावी.

आणखी एक लहानशी गोष्ट. ताबा घेतल्यावर रिकामी गाडी एकदा काट्यावर घालून पावती घ्यावी. जाळी बसवल्यावर पुन्हा एकदा घ्यावी. मग किती कट्टे, किती गाठी, किती कॅरेट हा आकडा काढून तो केबिनमध्ये, चालकाच्या डोळ्यांसमोर, मोठ्या अक्षरांत लिहून लावावा. माल भरणारा हमाल, मुनीम किंवा मालकाचा मुलगाही त्या आकड्यापुढे जाऊ शकणार नाही आणि चालकाला नकार देण्यासाठी मालकाचा शब्द हाताशी राहील.

चालकाचे तास

चालक हा या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारात घेतला जाणारा माणूस. ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ मध्येच नियम केले. बैलाला दिवसात नऊ तासांपेक्षा अधिक जुंपू नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा अधिक राबवू नये आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपू नये, असे ते नियम सांगतात. माणसासाठीही १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी मर्यादा त्याने घालून दिली होती.

आता आपापल्या पेढीकडे पाहावे. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता माल चढवायला कोण उभा असतो? रात्री अमरावतीहून परतलेल्या चालकाला पहाटे पुन्हा अकोल्याला कोण पाठवते? बैलासाठी जी मर्यादा कायद्याने मान्य केली, ती आपल्या घरचे मीठ खाणाऱ्या माणसाला आपण स्वतःहून देतो का? गाडी स्वतःची झाल्यावर वेळापत्रकही आपल्याच हाती आले आहे. भाड्याच्या गाडीला जे सांगता येत नव्हते, ते आता सहज करता येते. गाडी सकाळी लवकर निघावी, दुपारी सावलीत थांबावी, रात्रीच्या फेऱ्या टळाव्यात, चालकाला आठवड्याची सुट्टी मिळावी. त्याच्यासाठी अपघात विम्याची स्वतंत्र तरतूद करण्याचा खर्च एका टायरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

घरातील धाकटी पिढी हौसेने स्वतः गाडी चालवते. त्यात गैर काही नाही. उलट ज्याने एकदा भरलेली गाडी स्वतः चालवून ब्रेकची परीक्षा पाहिली आहे, तो गादीवर बसून ‘अजून दोन कट्टे टाका’ असे म्हणताना थांबतो.

वाचकहो, पेढीची पत ही बाजारात एका दिवसात बनत नाही. खरे वजन, खरा भाव आणि दिलेला शब्द यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. नव्या पिकअपच्या दारावर आपण मोठ्या अभिमानाने पेढीचे नाव रंगवून घेतो. ते नाव रोज शंभर किलोमीटर फिरणार, हजारो लोक ते वाचणार. ती गाडी वाकून, हेलकावे खात, रात्री-बेरात्री धावत असेल तर लोक त्या नावाविषयी एक मत बनवतील. ती सरळ, सावकाश आणि वेळेवर जात असेल तर दुसरे. तेव्हा यंदा ज्यांच्या दारी नवी गाडी येणार आहे, त्यांनी पूजेच्या ताटात किल्ली ठेवण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्रावरील ते दोन आकडे घरातील सर्वांना एकदा मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि चालकालाही त्या वेळी शेजारी उभे करावे.